उशाशी ठेवलेला डबा

इतिहासाच्या आपल्या सदरात आज राजे नाहीत, किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आज बोलायचं आहे एका डब्याबद्दल. तुमच्यापैकी काहींच्या घरी तो असेल, नाहीतर तिकडे आई-बाबांच्या पलंगाशेजारी असेल. भिंतीतल्या प्लगला जोडलेला आणि एक बारीक दिवा लागलेला. पेसमेकर बसवून रुग्णाला घरी सोडताना तो हातात देतात. नर्स दोन मिनिटांत सांगते, "हा उशाशी ठेवा, बंद करू नका," आणि महिन्याभरात घरातले सगळे त्याला विसरून जातात. त्यावर कुणी चष्मा ठेवतं, कुणी जपमाळ. दिवाळीत पाहुणे आले, फोन चार्जिंगला लावायचे झाले, की पहिला प्लग त्याचाच निघतो.

मी डॉक्टर नाही. माझं पोट आयटीवर चालतं. एखादी सिस्टिम बंद पडणार असेल तर ती पडायच्या आधी कुणाला तरी कळावं, आणि नेमक्या माणसाला कळावं, याची व्यवस्था लावणं हा माझा रोजचा धंदा. त्या नजरेतून या डब्याचा इतिहास चाळला आणि वाटलं, हा आपल्या मंडळींना सांगायलाच हवा. कारण आपल्यातले निम्मेअधिक लोक आई-वडिलांची तब्येत फोनवरूनच सांभाळतात.

सुरुवात फार जुनी आहे, १९०५ सालची. हॉलंडमधल्या लायडन इथे विलेम आइंटहोवन नावाचे प्राध्यापक होते. हृदयाची वीज कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी तयार केलं होतं, आज आपण ज्याला ईसीजी म्हणतो तेच. पण ते यंत्र अडीचशे किलोंहून जड होतं. रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवावं लागे. यंत्र प्रयोगशाळेत, आणि रुग्ण दीड किलोमीटरवर इस्पितळात. यंत्र हलत नव्हतं आणि आजारी माणसालाही हलवता येत नव्हतं. मग आइंटहोवननी काय केलं? मधे टेलिफोनची तार होती, त्या तारेतून हृदयाचा संदेश प्रयोगशाळेत आणला! १९०६ साली त्यावर निबंध लिहिला, नाव दिलं 'टेलिकार्डिओग्राम'. पुढे १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे लक्षात घ्या, पेसमेकर जन्मायच्या पन्नास वर्षं आधी हृदय दुरून तपासून झालं होतं.

आता पेसमेकर. ८ ऑक्टोबर १९५८, स्टॉकहोमजवळची कारोलिन्स्का संस्था. आर्ने लार्सन हा ४३ वर्षांचा गृहस्थ दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडत होता, कारण हृदयाच्या वरच्या कप्प्यातला ठोक्याचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता. त्याची बायको एल्से-मारी हिने शल्यविशारद ओके सेनिंग आणि इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट या दोघांच्या अक्षरशः मागे लागून यंत्र बनवून घेतलं. एल्मक्विस्टनी बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा केला आणि त्यात इपॉक्सी ओतून यंत्र घडवलं. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं, मग दुसरं बसवलं. पुढच्या आयुष्यात लार्सनना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले, आणि ते गेले २००१ साली, ८६व्या वर्षी. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी गेले होते.

त्या पहिल्या यंत्रातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्याची बॅटरी छातीबाहेरून, तारेशिवाय चार्ज करायची सोय होती. त्वचेवर एक वेटोळं ठेवायचं, वीज आत जायची. आपण आज फोन जसा नुसता चकतीवर ठेवून चार्ज करतो, तसंच. म्हणजे शरीरातल्या यंत्राशी बाहेरून संबंध ठेवायचा विचार पहिल्या दिवसापासूनच होता. फक्त तेव्हा आत वीज जात होती, बाहेर बातमी येत नव्हती.

अमेरिकेत त्याच सुमारास मिनियापोलिसमध्ये अर्ल बाकेन यांनी गळ्यात अडकवता येईल असा, बॅटरीवर चालणारा पेसमेकर केला. ऑक्टोबर १९५७ मध्ये तिथे वीज गेली आणि भिंतीच्या विजेवर चालणारी यंत्रं निकामी ठरली, तो प्रसंग त्यामागे होता. सर्किटची कल्पना त्यांनी घेतली एका मासिकात छापलेल्या मेट्रोनोमवरून, म्हणजे पाश्चात्त्य गायनवादन शिकताना ताल देणारं यंत्र. आपल्याकडचा लेहरा मशीनचा चुलतभाऊ म्हणा! बफेलो शहरात विल्सन ग्रेटबॅच यांनी शरीरात बसेल असा पेसमेकर केला, तोही एका सर्किटमध्ये चुकीचा रेझिस्टर लावला गेला म्हणून सुचलेला. १९६० साली तो माणसांत बसवला गेला.

आणि इथून खरी अडचण सुरू झाली. ती होती बॅटरीची.

त्या काळच्या पारा-जस्ताच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपायच्या, आणि कधी संपतील याचा नेम नाही. काही लवकर जात, काही टिकत. तुम्हीच विचार करा. गाडीची बॅटरी गेली तर आपण वैतागतो, ट्रिपल-एला फोन करतो. इथे बॅटरी गेली तर माणूस जातो. डॉक्टरांपुढे दोनच वाटा होत्या. एक, काही महिन्यांनी सरसकट प्रत्येकाचा पेसमेकर बदलून टाकायचा, म्हणजे चांगली चालणारी यंत्रंही काढून फेकायची आणि म्हाताऱ्या माणसांवर पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया करायची. दुसरी वाट, प्रत्येकाला सतत दवाखान्यात बोलावून तपासायचं. १९७० साली पॅरिसमध्ये तर प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. अणुऊर्जा छातीत! बॅटरीची धास्ती केवढी होती हे यावरूनच कळतं.

तिसरी वाट काढली सीमोर फरमन यांनी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये माँटेफिओरे नावाचं इस्पितळ आहे. आपल्यातल्या न्यूयॉर्ककरांना ठाऊक असेल. १९५८ साली याच फरमननी, तेव्हा ते शिकाऊ डॉक्टर होते, छाती न उघडता शिरेतून तार हृदयात नेऊन दाखवली होती. १९७१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोनवरच्या पेसमेकर क्लिनिकचं वर्णन प्रसिद्ध केलं.

ही पद्धत जरा नीट सांगतो, कारण मला त्यातली साधेपणाची हुशारी फार आवडते. रुग्णाच्या घरी एक छोटं यंत्र द्यायचं. मनगटांवर किंवा बोटांवर धातूच्या पट्ट्या लावायच्या, त्यातून ईसीजी यंत्रात जायचा. यंत्र त्या विजेचा आवाज करायचं, म्हणजे शिट्टीसारखा एक सूर, हृदयाच्या विजेप्रमाणे वर-खाली होणारा. रुग्ण क्लिनिकला फोन लावायचा, दोन शब्द बोलायचा आणि रिसीव्हर त्या यंत्रावर ठेवायचा. पलीकडे तो सूर परत विजेत बदलून कागदावर ईसीजी उमटायचा. ज्यांनी नव्वदच्या दशकात मोडेमची कर्कश किंकाळी ऐकली आहे, त्यांनी हे ओळखलंच असेल. तत्त्व तेच.

पण बॅटरी किती उरली हे ईसीजीवरून कसं कळणार? त्यासाठी रुग्णाला एक लोहचुंबक दिलेलं असे, साधारण लहान डोनटच्या आकाराचं. ते छातीवर, पेसमेकरच्या वर धरायचं. चुंबक आलं की पेसमेकरच्या आतली एक कळ फिरते आणि तो हृदयाकडे लक्ष न देता एका ठरलेल्या गतीने ठोके देऊ लागतो. ही गती बॅटरीवर अवलंबून ठेवलेली असते. एका कंपनीच्या यंत्रांत बॅटरी चांगली असेल तर मिनिटाला ८५ ठोके, बदलायची वेळ आली की ६५. बस. ना कॉम्प्युटर, ना पासवर्ड. ब्राँक्समधली आजी स्वयंपाकघरातल्या फोनवरून आपल्या बॅटरीचा हिशेब देऊ शकत होती. ही चुंबकाची युक्ती आजही चालू आहे.

पुढे मेडिकेअरने अशा फोन तपासणीला पैसे द्यायचं वेळापत्रकच ठरवून दिलं. एमबीए केलेल्या माणसाची खोड म्हणा, पण माझं लक्ष तिथे आधी जातं. कितीही चांगलं तंत्र असो, त्याचं बिल कुणी भरायचं हे ठरल्याशिवाय ते इस्पितळाच्या फाटकाबाहेर पडत नाही. फोनवरची तपासणी अमेरिकेत रुळली त्यात फरमन यांच्याइतकाच त्या वेळापत्रकाचाही वाटा आहे.

१९७२ पासून लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, त्यातही ग्रेटबॅच होतेच, आणि पेसमेकर बरीच वर्षं टिकू लागले. १९८० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मिशेल मिरोव्स्की यांचं डिफिब्रिलेटर यंत्र पहिल्यांदा माणसात बसलं. हृदयाची लय जीवघेणी बिघडली की आतूनच झटका देऊन ती सावरणारं यंत्र. आता प्रश्न नुसत्या बॅटरीचा राहिला नाही. झटका दिला का, योग्य वेळी दिला का, की तार तुटल्यामुळे उगाचच दिला, हे सगळं यंत्र आपल्या आठवणीत ठेवू लागलं. पण ती आठवण वाचायला माणसाने दवाखान्यात जायला हवं, तिथे छातीवर एक हातयंत्र ठेवायला हवं. तीन-सहा महिन्यांनी एकदा. म्हणजे बिघाड तपासणीच्या दुसऱ्या दिवशी झाला, तर कळायला महिने! आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग होता, अलर्ट नव्हता.

हे बदललं २००१च्या सुमाराला. बर्लिनच्या बायोट्रॉनिक कंपनीने पेसमेकरमध्येच बारीकसा रेडिओ ट्रान्समीटर घातला. रात्री ठरलेल्या वेळी पेसमेकर आपणहून माहिती पाठवणार, उशाशी ठेवलेला डबा ती पकडणार आणि मोबाइलच्या जाळ्यातून पुढे धाडणार. रुग्णाने काहीच करायचं नाही, नुसतं झोपायचं. डबा उशाशीच का, याचं उत्तर इथे आहे. छातीतल्या रेडिओचा पल्ला जेमतेम दोन-तीन मीटर, आणि माणूस एका जागी सापडतो तो झोपेतच. डबा हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला आणि आई आतल्या खोलीत झोपली, तर तो दिवा लावून नुसता बसून राहतो. दुसऱ्याच वर्षी मेडट्रॉनिकची केअरलिंक आली, तिच्यात आधी रुग्णाने स्वतः हातयंत्र छातीवर धरायचं होतं. पुढे सगळ्याच कंपन्या बिनतारी झाल्या.

आपण रेडिओवाले, म्हणून ही लहरींची गोष्ट खास तुमच्यासाठी. अमेरिकेच्या एफसीसीने १९९९ साली शरीरातल्या यंत्रांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून दिला. हा पट्टा मुळात हवामानखात्याच्या फुग्यांचा! आकाशात सोडलेले फुगे तापमान, आर्द्रता याच लहरींवर खाली कळवतात. छातीतल्या यंत्राला परवानगी अवघ्या २५ मायक्रोवॅटची, म्हणजे मोबाइलच्या हजारो पट कमी. त्यामुळे फुग्यांना त्रास नाही आणि हृदयालाही नाही.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्याचा उपयोग झाला का? २०१० साली 'ट्रस्ट' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. डिफिब्रिलेटर बसवलेले १३३९ रुग्ण, त्यांतल्या काहींना डबा, काहींना नेहमीच्या तपासण्या. डबेवाल्यांच्या दवाखान्यातल्या तपासण्या ४५ टक्के कमी झाल्या आणि जिवाला जास्त धोका झाला नाही. पण माझ्या मते त्यातला खरा आकडा वेगळाच आहे. हृदयाची लय बिघडल्यापासून डॉक्टरांनी ती पाहीपर्यंत किती वेळ गेला? नेहमीच्या पद्धतीत मध्यक ३६ दिवस, डब्याने दोन दिवसांहून कमी. छत्तीस दिवस म्हणजे आई-बाबा गणपती करून परत आले तरी पत्ता नाही.

२०१४ साली 'इन-टाइम' अभ्यासात हृदय कमजोर झालेल्या ६६४ रुग्णांना वर्षभर पाहिलं. डबा असलेल्या गटात १० जण गेले, नसलेल्या गटात २७. हे ऐकून आपण टाळ्या वाजवणार, तोच २०१७ साली इंग्लंडमधल्या नऊ इस्पितळांतला 'रेम-एचएफ' अभ्यास आला. १६५० रुग्ण, आणि फरक काहीच नाही! मग खरं काय? दोन्हीकडच्या कामाची पद्धत बघा. 'इन-टाइम'मध्ये रोज माहिती येत होती आणि एक मध्यवर्ती चमू ती बघून धोका दिसला की सूत्रं हलवत होता. इंग्लंडमध्ये माहिती आठवड्यातून एकदा बघितली जात होती. माझ्या धंद्यातला अनुभव असाच आहे. अलर्ट कुणाच्या फोनवर वाजतो आणि तो माणूस नंतर काय करतो, यावर सगळं ठरतं. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणून सर्व्हर वाचत नाही. म्हणूनच २०२३च्या तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात दर १००० रुग्णांमागे तीन पूर्णवेळ माणसं हवीत, असं लिहिलंय. यंत्राची माहिती सतत येत असेल तर प्रत्यक्ष तपासणी दोन वर्षांपर्यंत लांबवता येते, हेही त्यातच आहे.

डब्याचं मोल लोकांना पटलं ते एका वाईट प्रसंगाने. ऑक्टोबर २००७ मध्ये मेडट्रॉनिकने स्प्रिंट फिडेलिस ही डिफिब्रिलेटरची तार विकणं थांबवलं, कारण ती आतल्या आत तुटत होती आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला विनाकारण झटके बसत होते. जगभर सुमारे २,६८,००० तारा तोवर माणसांत बसलेल्या होत्या. सगळ्या काढणं शक्य नाही, काढण्यातही जिवाचा धोका. मग तार तुटायला लागल्याची पहिली चिन्हं ओळखणारी संगणकीय सूचना यंत्रात घालण्यात आली, आणि ती लगेच क्लिनिकला कळवायला डबा कामी आला.

जिथे रेडिओ आला तिथे चोरवाटाही आल्या. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत, टेबलावर ठेवलेल्या डिफिब्रिलेटरशी अगदी जवळून रेडिओने बोलून त्याला झटका द्यायला लावून दाखवलं. उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या यंत्रातली बिनतारी सोय डॉक्टरांनी २००७ मध्येच बंद करून टाकली होती, हे त्यांनी २०१३ साली टीव्हीवर सांगितलं. ऑगस्ट २०१७ मध्ये तर अमेरिकेतल्या ४,६५,००० पेसमेकरांना सुरक्षेसाठी सॉफ्टवेअर अपडेट द्यायचं ठरलं. ते मात्र घरबसल्या नाही, दवाखान्यात जाऊनच. तीन मिनिटं लागायची, आणि तेवढा वेळ पेसमेकर ६७ च्या ठरीव गतीवर चालायचा. लॅपटॉप अपडेट होताना अडकला तर आपण शिव्या देतो. इथे डॉक्टर शेजारी उभे असणं मला अगदी रास्त वाटतं.

आणखी एक वाद आहे, तो अजून मिटलेला नाही. माहिती तुमच्या हृदयाची, यंत्र तुमच्या छातीत, मग ती माहिती तुमची का नाही? ह्यूगो काम्पोस नावाचे एक डिफिब्रिलेटरधारक वर्षानुवर्षं आपलीच माहिती मागत आले आहेत. २०१५ साली अमेरिकेच्या कॉपीराइट नियमांत रुग्णांना सूट मिळाली, म्हणजे आपल्या यंत्रातून बाहेर येणारी माहिती स्वतः वाचणं गुन्हा राहिला नाही. पण घरच्या डब्यावर आजही बहुधा हिरवा दिवा सोडून काही दिसत नाही. तुम्ही इकडून फोन करता, "बाबा, डबा चालू आहे ना?" पलीकडून उत्तर, "अरे, दिवा लागतोय रे, काळजी करू नकोस." दिव्याचा अर्थ एवढाच की डब्याला वीज आहे किंवा नेटवर्क आहे. माहिती पोचते का, हे क्लिनिकलाच विचारावं लागतं.

गंमत म्हणजे या डब्यांना हृदयविकारापेक्षा टेलिफोन कंपन्यांनी जास्त छळलं. लोकांनी घरचे फोन काढून टाकले तसे जुने डबे मुके झाले. मग मोबाइल नेटवर्कचे आले, तर २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी बंद झालं आणि एफडीएला लोकांना सांगावं लागलं की तुमची वैद्यकीय यंत्रं तपासून घ्या. नवे पेसमेकर आता ब्लूटूथने थेट फोनशी बोलतात, डबा गायब. पण त्यात ॲप चालू हवं, फोन रात्री जवळ हवा, आणि नातवाने 'स्टोरेज भरलं' म्हणून ॲप उडवलेलं नको.

या प्रवासाशी मुंबईचं नातं निराळं आहे. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एक अहवाल आला: अमेरिकेतल्या रुग्णांमधून काढलेले, नीट निर्जंतुक केलेले डिफिब्रिलेटर मुंबईतल्या ८१ गरीब रुग्णांना बसवले, आणि त्यांचे प्राण वाचवणारे झटके त्या जुन्या यंत्रांनी दिले. अमेरिकेत ही यंत्रं एकदा वापरून टाकायची वस्तू. म्हणून आपल्यासाठी नवनवे अलर्ट शोधले जात असताना, दुसरीकडे मूळ यंत्रच परवडत नाही, हेही त्याच काळातलं चित्र आहे.

जाता जाता कामाचं बोलतो. डबा म्हणजे ९११ नव्हे. तो रात्री माहिती पाठवतो, क्लिनिकमधली माणसं ती कामाच्या वेळात बघतात. छातीत दुखलं, चक्कर आली, झटका बसला, तर डबा कळवेल म्हणून थांबू नका, रुग्णवाहिका बोलवा. आई-बाबा सहा महिने इकडे येणार असतील, तर निघण्याआधी तिकडच्या क्लिनिकला तीन गोष्टी विचारा: डबा इथल्या नेटवर्कवर चालेल का, अलर्ट आला तर कुणाला आणि कुठल्या नंबरवर फोन जाईल, आणि इथे गरज पडली तर यंत्राची माहिती इथल्या डॉक्टरांना कशी मिळेल. पेसमेकरचं ओळखपत्र पासपोर्टसोबत ठेवा, सुटकेसमध्ये नको. आणि डब्याच्या ॲडॉप्टरवर ११० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघून घ्या. नसेल, तर तो भिंतीत खोचायच्या आधी विचारा.